पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक.: अर्ज कसा करायचा, खर्च कसा भागवायचा

पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यात पाणी महाल पाहायला दूरदूरून लोक येतात. बोरी नदीवरचा हा बंधारा दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहच्या काळातला, १६१३ सालचा. म्हणजे पाण्याचं शास्त्र आपल्या गावाला नवं नाही. पण याच भागात, शेजारच्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हेही आपण पाहिलंय. पिण्याचं पाणी शुद्ध करणं, सांडपाणी आणि कारखान्यांचं दूषित पाणी साफ करणं, कचरा, हवेचं प्रदूषण हे सगळं ज्या शाखेत शिकवतात, ती पर्यावरण अभियांत्रिकी.

आपल्या घरांत आता बी.ई., बी.टेक. झालेली मुलं-मुली कमी नाहीत. पण पुढे एम.टेक. म्हटलं की वालिदैनचा पहिला सवाल असतो, "पैसे किती लागतील?" आणि तिथेच गोष्ट थांबते. खरं तर हा सवाल उलटा विचारायला हवा. गेट परीक्षेचा वैध स्कोअर घेऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश मिळाला, तर विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकतं, जास्तीत जास्त २४ महिने. हिशोब केला तर २,९७,६०० रुपये होतात, आणि ही रक्कम परत करायची नसते. म्हणून आधी परीक्षा, मग कागदपत्रं, मग फी-सवलत आणि कर्ज सगळ्यात शेवटी, हा क्रम लक्षात ठेवा. हा लेखही त्याच क्रमाने लिहिलाय.

कोण अर्ज करू शकतं?

सिव्हिल, केमिकल आणि पर्यावरण अभियांत्रिकीच्या पदवीधरांना जवळपास सगळीकडे पात्रता असते. बायोटेक्नॉलॉजी, मेकॅनिकल अशा शाखांना काही संस्था घेतात, काही घेत नाहीत. रसायनशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलेल्यांनाही काही ठिकाणी एम.टेक.ची दारं उघडी आहेत. नुसत्या बी.एस्सी.वर मात्र एम.टेक. होत नाही. अशा विद्यार्थ्यांनी आधी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करावं. प्रत्येक संस्थेच्या माहितीपत्रकात पात्र शाखांचा तक्ता असतो. फी भरण्याआधी तो वाचा.

गेट परीक्षा

गेट ही परीक्षा बेंगळुरूची आयआयएससी आणि सात जुन्या आयआयटी आळीपाळीने घेतात. अर्ज साधारण ऑगस्टअखेर सुरू होतात, परीक्षा फेब्रुवारीत आणि निकाल मार्चमध्ये. स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून परीक्षेला बसता येतं, म्हणून शेवटच्या वर्षाची वाट पाहू नका. एकदा तिसऱ्या वर्षी बसून पाहिलं की भीती जाते. मुलींना अर्जाची फी निम्मी असते.

पेपर तीन तासांचा, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १५ गुण सामान्य क्षमतेचे, म्हणजे भाषा आणि साधं गणित. उर्दू किंवा मराठी माध्यमातून शिकलेली मुलं या १५ गुणांकडे दुर्लक्ष करतात आणि तिथेच मागे पडतात. एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांत चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. १ गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश, २ गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश. एकाहून जास्त पर्याय निवडायच्या आणि आकडा लिहायच्या प्रश्नांत वजा काही होत नाही, तेव्हा ते कोरे सोडू नका.

२०२१ पासून 'पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकी' असा वेगळा पेपर आहे, त्याचा कोड ईएस. त्यात गणित, पर्यावरण रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जलस्रोत आणि हायड्रॉलिक्स, पाणी व सांडपाणी प्रक्रिया, हवा आणि आवाजाचं प्रदूषण, घनकचरा व घातक कचरा, पर्यावरण व्यवस्थापन हे भाग येतात. सिव्हिलच्या मुलांपुढे प्रश्न असतो, सीई द्यावा की ईएस? सरकारी कंपन्यांच्या भरतीत सीईला जास्त वाव आहे, आणि पर्यावरण अभियांत्रिकीच्या बऱ्याच एम.टेक. अभ्यासक्रमांना सीईसुद्धा चालतो. ठरवून दिलेल्या जोड्यांमधून दोन पेपर देण्याचीही मुभा आहे. त्या वर्षीची जोड्यांची यादी पाहून निर्णय घ्या.

क्लासला पुण्याला किंवा हैदराबादला जाणं सगळ्यांना जमत नाही. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, गेटच्या जुन्या प्रश्नपत्रिकाही फुकट मिळतात. रोज तीन तास, आठ महिने, एवढी शिस्त ठेवली तर घरी बसूनही तयारी होते.

प्रवेशाचे तीन दरवाजे

गेटचा निकाल लागला म्हणजे प्रवेश झाला, असा बऱ्याच घरांत गैरसमज असतो. तसं नाही. निकालानंतर वेगवेगळे अर्ज करावे लागतात.

पहिला दरवाजा आयआयटींचा. इथे प्रत्येक आयआयटीला स्वतंत्र अर्ज करायचा आणि शिवाय कोअॅप नावाच्या सामायिक पोर्टलवर नोंदणी करायची. जागा मिळाल्याचा प्रस्ताव कोअॅपवर येतो आणि तिथेच स्वीकारायचा असतो. नुसती कोअॅपची नोंदणी केली आणि आयआयटीचा अर्ज केलाच नाही, तर काहीच मिळत नाही.

दुसरा दरवाजा एनआयटींचा. त्यासाठी सीसीएमटी ही एकत्रित प्रवेश फेरी असते. एकाच अर्जात संस्थांचा पसंतीक्रम भरायचा.

तिसरा दरवाजा महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांचा. राज्याचा सीईटी कक्ष एम.ई., एम.टेक.ची कॅप फेरी घेतो. गेटवाल्यांना आधी जागा मिळतात, उरलेल्या जागांवर गेट नसलेल्यांनाही प्रवेश मिळू शकतो. पण गेटशिवाय प्रवेश घेतला तर १२,४०० चं विद्यावेतन मिळत नाही. कॉलेजचे लोक हे आपणहून सांगतीलच असं नाही, तुम्ही विचारा.

कुठे शिकता येईल?

मुंबईच्या आयआयटीत या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. त्याची सुरुवात १९८५ मध्ये केंद्र म्हणून झाली. खरगपूर, कानपूर, रुडकी, दिल्ली, मद्रास आणि धनबाद इथल्या आयआयटीतही हा विषय आहे. नागपूरच्या व्हीएनआयटीत पर्यावरण अभियांत्रिकीचं एम.टेक. आहे, मुंबईच्या व्हीजेटीआयमध्येही. दिल्लीची जामिया मिल्लिया इस्लामिया आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठ या दोन्ही ठिकाणी हा अभ्यासक्रम आहे आणि त्यांची प्रवेश प्रक्रिया वेगळी असते. म्हणून त्यांच्या तारखा वेगळ्या लिहून ठेवा.

संशोधनात जायचं असेल तर नागपूरची नीरी ही संस्था महत्त्वाची. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीच्या संशोधनासाठी ती सुरू झाली, १९७४ मध्ये तिला आजचं नाव मिळालं.

विद्यावेतन: अटी समजून घ्या

१२,४०० रुपये मिळवण्यासाठी चार गोष्टी लागतात: प्रवेशाच्या वेळी वैध गेट स्कोअर, पूर्णवेळ अभ्यासक्रम, एआयसीटीईची मान्यता असलेली संस्था (आयआयटी-एनआयटीत हेच विद्यावेतन संस्थेमार्फत मिळतं) आणि आधारशी जोडलेलं स्वतःच्या नावाचं बँक खातं. वडिलांचं किंवा संयुक्त खातं देऊ नका. त्या बदल्यात आठवड्याला साधारण आठ तास प्रयोगशाळेचं किंवा शिकवण्याचं काम करावं लागतं. कंपनीने पाठवलेल्या प्रायोजित जागेवर ते मिळत नाही.

पहिले काही महिने पैसे उशिरा येतात, हेही माहीत असू द्या. प्रवेश फी, होस्टेलची अनामत आणि तीन-चार महिन्यांचा मेसचा खर्च एवढी सोय घरून आधी करून ठेवावी लागते.

आरक्षण आणि दाखले

इथे आपल्या समाजाचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी, मुलाणी अशा कितीतरी बिरादरी ओबीसीत आहेत. केंद्रीय संस्थांत ओबीसीला २७ टक्के जागा आहेत. त्यासाठी जातीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतो आणि नॉन-क्रिमीलेअर चालू आर्थिक वर्षातलं, म्हणजे १ एप्रिलनंतरचं लागतं. राज्याचा दाखला तिथे चालत नाही. राज्याच्या आणि केंद्राच्या याद्याही वेगळ्या आहेत, आपली जात दोन्हीत आहे का ते आधी पाहा.

राज्याच्या प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्रही लागतं. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे दादा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी अनेकदा उर्दूत सापडतात. त्या कागदांना रद्दी समजू नका. शाळेतून किंवा तहसीलमधून प्रमाणित नक्कल काढा आणि मराठी भाषांतर करून जोडा. पडताळणीला महिने लागतात, म्हणून पदवीच्या दुसऱ्या वर्षीच फाइल द्या.

जे ओबीसीत नाहीत, त्यांच्यासाठी ईडब्ल्यूएसचं १० टक्के आरक्षण आहे. ते फक्त हिंदू सवर्णांसाठी आहे असा समज आपल्याकडे पसरलाय, तो चुकीचा आहे. खुल्या प्रवर्गातल्या मुस्लिम कुटुंबालाही ते मिळतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी हवं. मात्र ५ एकर किंवा त्याहून जास्त शेती असेल तर उत्पन्न कितीही कमी असलं तरी केंद्राच्या नियमाने दाखला मिळत नाही. आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकरी घरांनी सातबारा आधी तपासावा.

नावाची स्पेलिंग

मोहम्मद, मोहंमद, एमडी; शेख, शैख; कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. माझ्या एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज एवढ्याच कारणाने परत आला. दुरुस्ती होईपर्यंत मुदत गेली आणि तिचं वर्षभराचं पैशाचं नियोजन कोसळलं. दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण माना आणि आधार, पॅन, बँक खातं, पासपोर्ट सगळं त्यावर जुळवून घ्या. जुन्या दाखल्यावर उस्मानाबाद आणि नव्यावर धाराशिव असलं तर घाबरू नका, जिल्हा तोच आहे. नावात मात्र एका अक्षराचाही फरक ठेवू नका.

राज्याच्या योजना

महाडीबीटी पोर्टलवर हे पाहा:

- राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना: कॅप फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी, उत्पन्न मर्यादा ८ लाख. २०२४-२५ पासून पात्र मुलींना शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत आहे.
- ओबीसी आणि भटक्या-विमुक्त प्रवर्गाच्या शिष्यवृत्त्या, त्या त्या दाखल्यावर.
- अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची राज्य शिष्यवृत्ती, उच्च आणि व्यावसायिक शिक्षणासाठी.

एका वेळी यातल्या एकाच मोठ्या योजनेचा लाभ मिळतो. कुठल्या योजनेत जास्त रक्कम पडते, ते हिशोब करून मगच अर्ज भरा.

बंद झालेल्या योजना

व्हॉट्सअॅपवर अजूनही जुने मेसेज फिरतात, म्हणून हे स्पष्ट लिहितो. पीएचडीसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून केंद्राने बंद केली. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज भरणारी 'पढो परदेश' योजनाही त्याच वर्षी बंद झाली. अल्पसंख्याकांसाठीच्या मेरिट-कम-मीन्स शिष्यवृत्तीबाबत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नवा अर्ज खुला झालेला स्वतः पाहिल्याशिवाय ती रक्कम हिशोबात धरू नका. या योजनांच्या नावाने कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

कर्ज आणि व्याजाचा प्रश्न

सूदच्या भीतीने आपल्याकडे कर्जाचं नावही काढत नाहीत. मी मुफ्ती नाही, तो निर्णय तुमचा आणि तुमच्या आलिमांचा. मी फक्त पर्याय क्रमाने मांडतो.

सगळ्यात आधी बिनव्याजी. मुंबईचं नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन पदव्युत्तर शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती देतं. परदेशी शिक्षणासाठी के. सी. महिंद्रा ट्रस्टची कर्ज-शिष्यवृत्तीही बिनव्याजी आहे. १८९२ पासून चालू असलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती आहे, तिच्या अटी वेगळ्या वाचा.

त्यानंतर सरकारी व्याज सवलत. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक असेल, तर पात्र संस्थेतल्या १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचं एक वर्ष, एवढ्या मुदतीचं व्याज केंद्र सरकार भरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत यादीतल्या दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं.

शेवटी अल्पसंख्याक महामंडळ. राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाच्या योजनेत देशात शिकायला २० लाखांपर्यंत, परदेशात ३० लाखांपर्यंत शैक्षणिक कर्ज आहे. कमी उत्पन्न गटाला व्याज ३ टक्के. ८ लाखांपर्यंतच्या गटाला मुलांसाठी ८ आणि मुलींसाठी ५ टक्के. महाराष्ट्रात हे काम मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ बघतं. अर्ज करण्याआधी निधी चालू आहे का, हे जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा.

परदेशात जायचं असेल तर

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नसतं. काही ठिकाणी, उदाहरणार्थ बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात, बाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बँकेत अडकवून ठेवावे लागतात आणि भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. डाड संस्थेची विकासविषयक अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती घेतली तर दरमहा खर्चही मिळतो, पण त्यासाठी किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा. स्टुटगार्ट विद्यापीठाचे कचरा-सांडपाणी आणि जलस्रोत विषयाचे इंग्रजी अभ्यासक्रम या यादीत राहिलेले आहेत.

युरोपातल्या इरास्मस मुंडस शिष्यवृत्तीत महिन्याला १,४०० युरो मिळतात, अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारी. सौदी अरेबियात जेद्दाजवळ थुवल इथे २००९ मध्ये सुरू झालेल्या काउस्ट विद्यापीठात पर्यावरण अभियांत्रिकीचा चांगला विभाग आहे. तिथल्या फेलोशिपसाठी निवड झाली तर फी, राहणं आणि मासिक विद्यावेतन मिळतं. दूर पाठवायला कचरणाऱ्या घरांनी याचा विचार करावा.

अमेरिकेत एम.एस. बहुतेकांना स्वतःच्या पैशाने करावं लागतं. पीएचडीला मात्र फी माफ होऊन विद्यावेतन मिळण्याची शक्यता चांगली असते, आणि चार वर्षांच्या पदवीवर थेट पीएचडीचा अर्जही करता येतो. अर्ज साधारण डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत.

महाराष्ट्र सरकारच्याही परदेश शिष्यवृत्ती योजना आहेत: ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठी, खुल्या प्रवर्गासाठी आणि अल्पसंख्याकांसाठी. त्या जगातल्या वरच्या क्रमांकाच्या विद्यापीठांसाठीच असतात, जागा मोजक्या असतात आणि प्रवेशपत्र आधी हातात लागतं.

एम.टेक.नंतर

पीएचडीला ज्युनिअर रिसर्च फेलोला २०२३ पासून दरमहा ३७,००० आणि दोन वर्षांनंतर सीनिअर म्हणून ४२,००० रुपये मिळतात. नोकरीचं म्हणाल तर प्रदूषण नियंत्रण मंडळ, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, नगरपालिका, सल्लागार कंपन्या. आपल्या जिल्ह्यातले साखर कारखाने आणि सोलापूरचे कापड उद्योग यांनाही दूषित पाण्यावर प्रक्रिया करणं बंधनकारक आहे, आणि त्यासाठी जाणकार माणसं लागतात.

वर्षाचं वेळापत्रक

- एप्रिल-मे: उत्पन्नाचा दाखला, नवं नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस
- ऑगस्ट-सप्टेंबर: गेटचा अर्ज
- ऑक्टोबर-जानेवारी: परदेशी अर्ज, दोन-तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रं
- फेब्रुवारी: गेट, मार्च: निकाल
- मार्च-एप्रिल: प्रत्येक आयआयटीचा स्वतंत्र अर्ज
- मे-जुलै: कोअॅप आणि सीसीएमटीच्या फेऱ्या
- जुलैपासून: राज्याची कॅप फेरी, मग महाडीबीटी

शेवटी मशिदींच्या कमिट्यांना आणि बैतुलमाल चालवणाऱ्या बांधवांना एक विनंती. लाखांची मदत सगळ्यांना जमणार नाही. पण एका गरजू मुलाची गेटची फी, परीक्षेला जायचं भाडं आणि प्रवेशाच्या वेळची अनामत, एवढं गावातल्या गावात होऊ शकतं. जकातीतून द्यायचं तर हकदार कोण, हे आलिमांना विचारून घ्या. पुढचे २४ महिने ते मूल इन्शाअल्लाह स्वतःच्या विद्यावेतनावर काढेल.